नागपुरात समुद्र नाही, मग पूर आला कुठून?

दोस्ता, कंपासपेटीतली पट्टी काढ बरं! तिच्यावर दोन बारीक रेघांमध्ये केवढी जागा दिसते? फक्त १ मिलिमीटर. मुंगीसुद्धा अडकेल तिथे!

आता ऐक. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशा चौकोनी जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर किती पाणी साचेल सांग पाहू? चमचाभर? वाटीभर? छे! बरोबर एक लिटर!

म्हणजे १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर तेवढ्याशा चौकोनावर १०० लिटर! समजा तुझा वर्ग सहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद आहे. त्याच्या छपरावर किती पाणी पडेल? तब्बल ३००० लिटर! पंधरा-पंधरा लिटरच्या २०० बादल्या! आणि हे फक्त एका वर्गाचं हं. अख्ख्या शहराचा हिशेब तूच करून बघ.

असा पाऊस खरंच पडला, आपल्या नागपुरात! २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. शहर गाढ झोपेत होतं. काही तासांतच १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव काठोकाठ भरला आणि सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेवरून, धो धो वाहू लागला. या सांडव्याला तेव्हा उघडझाप करता येतील असे दरवाजेच नव्हते! तलाव भरला की पाणी आपलं आपण बाहेर पडणार. ते सगळं धावलं नाग नदीत. हो, जिच्यावरून नागपूरला नाव मिळालं, तीच नदी!

पण नदीत पाणी मावेना! न्हाणीघरातली मोरी आठव. तांब्याभर पाणी ओतलं की गटकन जातं. भरलेली बादली उपडी केली तर? पाणी थेट उंबऱ्यापर्यंत! मोरीच्या तोंडाशी केसांचा गुंता असेल, तर विचारूच नको. नाग नदीचं तेच झालं. पात्र अरुंद, त्यात गाळ नि कचरा. शिवाय आजूबाजूला सिमेंटचे रस्ते, म्हणजे पाणी जमिनीत मुरायलाही वाव नाही. अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउटमधल्या घरांत पाणी शिरलं. सीताबर्डीतलं मोरभवन बसस्थानक बुडालं. लोकांना होड्यांतून बाहेर काढायला जवान आले. काही माणसांचे जीवही गेले. फार वाईट झालं ते.

आता मुंबईची गोष्ट ऐक. तिथे तर मोरीतून पाणी उलटं वर येतं! खोटं वाटतं? मोठ्या भरतीच्या वेळी समुद्र नाल्यांच्या तोंडापेक्षा वर चढतो. मग नाल्यांची दारं लावून घ्यावी लागतात, नाहीतर समुद्रच शहरात शिरेल! पण दार लावलं की पावसाचं पाणी आतच अडकतं. २६ जुलै २००५ ला मुंबईतल्या सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एका चौरस मीटरवर ९४४ लिटर! त्याच दिवशी भरतीही मोठी होती. मुंबई ठप्प झाली.

म्हणून हाजी अलीसारख्या ठिकाणी मोठाले पंप बसवले आहेत. ते पाणी उपसून समुद्रात फेकतात. आणि मुंबईतल्याच हिंदमाता नावाच्या भागाजवळ काय केलंय, ओळख! परळच्या मैदानाखाली आणि दादरच्या एका उद्यानाखाली चक्क टाक्या बांधल्या आहेत! वर मुलं खेळतात, खाली पावसाचं पाणी थांबतं. ओहोटी लागली की ते सोडून देतात. मला ही युक्ती भारी आवडते. पाण्याला थांबायला जागा दिली की ते घरात घुसत नाही.

आणि आपल्या नाग नदीचं पाणी शेवटी कुठे जातं, माहितेय? कन्हान, मग वैनगंगा, मग प्राणहिता, मग गोदावरी आणि थेट बंगालचा उपसागर! समुद्र लांब आहे खरा, पण आपल्या अंगणातला पाऊस तिथवर पोचतो.

तर यंदा पहिला पाऊस आला की एक काम कर. सरळ उभ्या बाजूंचा डबा गच्चीवर उघड्यावर ठेव. पाऊस थांबला की पट्टीने पाण्याची उंची मोज. मग तुमच्या गच्चीवर किती लिटर पाणी पडलं, ते काढ आणि आम्हाला नक्की लिहून कळव!