सोळाशे मीटरची खरी मोजणी : इंटरनेटवरील नकाशे आणि गावची धाववाट

पोलीस शिपाई पदाच्या भरतीसाठी महाराष्ट्रात जी मैदानी चाचणी घेण्यात येते, तीत पुरुष उमेदवारांना १,६०० मीटर व महिला उमेदवारांना ८०० मीटर धावावे लागते. हे अंतर किती वेळात कापले यावर गुण अवलंबून असतात. जेथे चारशे मीटरची आखीव धावपट्टी आहे, तेथे चार फेऱ्या म्हणजे १,६०० मीटर, हा हिशेब सरळ असतो. खेड्यापाड्यांत मात्र पहाटेचा सराव डांबरी रस्त्यावर चालतो आणि अंतर ‘फाट्यापासून वडापर्यंत’ अशा अंदाजाने धरले जाते.

हा अंदाज शंभर मीटरांनी चुकला तरी त्याची किंमत मोठी असते. एखादा तरुण १,६०० मीटर समजून साडेपाच मिनिटांत जे अंतर धावतो, ते प्रत्यक्षात १,५०० मीटरच असले, तर त्याच गतीने खरे १,६०० मीटर धावण्यास त्याला ५ मिनिटे ५२ सेकंद लागतील. महिनोन्‌महिने घाम गाळून केलेल्या तयारीत बावीस सेकंदांची ही तूट त्याला कळते ती थेट चाचणीच्या मैदानावर. वस्तुतः ही तूट टाळण्याचे साधन आज बहुतेक गावांत, मोबाइलच्या रूपाने, उपलब्ध आहे. गरज आहे ती हे साधन जाणतेपणाने वापरण्याची.

नकाशा सर्वांच्या हाती

भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ साली झाली. या विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे दीर्घकाळ कचेऱ्या व महाविद्यालये यांच्यापुरतेच मर्यादित होते. २००४ मध्ये लोकसहभागातून तयार होणाऱ्या ‘ओपन स्ट्रीट मॅप’चा प्रारंभ झाला, २००५ मध्ये ‘गूगल मॅप्स’ व ‘गूगल अर्थ’ ही साधने आली आणि २००९ मध्ये भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने ‘भुवन’ हे संकेतस्थळ सुरू केले. २०१७ मध्ये सर्वेक्षण विभागाने आपले नकाशे इंटरनेटवरून विनामूल्य उपलब्ध करून देण्यास सुरुवात केली, तर २०२१ मध्ये केंद्र शासनाने नकाशे व भूस्थानिक माहिती यांवरील अनेक निर्बंध शिथिल केले. अशा रीतीने जे काम पूर्वी सर्वेक्षकाचे मानले जाई, त्याचा एक भाग सामान्य नागरिकाच्या आटोक्यात आला.

अंतर मोजताना

नकाशावर अंतर मोजण्याची रीत साधी आहे. आरंभीचे ठिकाण निवडून अंतर मोजण्याची सोय सुरू करावयाची व रस्त्याच्या कडेकडेने एकेक बिंदू देत जावयाचे. लगतच्या दोन बिंदूंमधील सरळ रेषांची बेरीज साधन आपोआप दाखवते. येथेच पहिली दक्षता घ्यावी लागते. वळणावर बिंदू कमी पडले, तर रेषा वळण कापून जाते व अंतर कमी भरते. पन्नास मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळाकार वळण प्रत्यक्षात सुमारे १५७ मीटर लांब असते. दोन्ही टोकांना एकेकच बिंदू दिला, तर नकाशा तेच वळण १०० मीटर दाखवील. म्हणून सरळ रस्त्यावर बिंदू विरळ चालतात, पण वळणावर ते दाटच हवेत.

मोबाइल खिशात ठेवून धावताना होणारी नोंद ही वेगळ्या प्रकारची असते. त्या वेळी उपग्रहांच्या संकेतांवरून ठरावीक क्षणांनी स्थान निश्चित केले जाते. दाट झाडी, उंच इमारती किंवा घाटातील कडे यांमुळे संकेत अडतात अथवा परावर्तित होतात. मग सरळ वाटही नागमोडी नोंदली जाते व अंतर फुगते. एकाच वाटेची दोन दिवसांची नोंद वेगवेगळी येण्याचे हे एक प्रमुख कारण होय. धाववाट कायमची ठरवावयाची असेल, तर अशा एकाच नोंदीवर विसंबणे योग्य ठरत नाही.

चढ-उताराचे गणित

अंतराइतकेच महत्त्व भूरचनेला आहे. शंभर मीटर अंतरात दहा मीटर चढ असला, तर उताराच्या पृष्ठावरील प्रत्यक्ष लांबी सुमारे १००.५ मीटर भरते, म्हणजे अंतरातील फरक अर्धा टक्काच असतो. श्रमातील फरक मात्र कितीतरी मोठा असतो. सातारा शहरातून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जाणारी व परतणारी अर्धमॅरेथॉन २०१२ पासून प्रसिद्ध आहे. तिचे आणि सपाट रस्त्यावरील अर्धमॅरेथॉनचे अंतर सारखेच असले, तरी दोन्हींच्या वेळांची तुलना करता येत नाही.

सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील अर्धा किलोमीटर होय. त्यावरील समोच्च रेषा सामान्यतः वीस मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. या रेषा जेथे एकमेकींस भिडतात तेथे कडा, जेथे विरळ होतात तेथे पठार, हे शाळेतील भूगोलाचे ज्ञान येथे प्रत्यक्ष उपयोगी पडते. ‘गूगल अर्थ’मध्ये आखलेल्या रेषेच्या उंचीचा आलेखही पाहता येतो.

शालेय सहलीचे नियोजन करणाऱ्या शिक्षकांना या संदर्भात एक जुना ठोकताळा उपयुक्त ठरेल. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला. सध्याच्या परिमाणांत सांगावयाचे तर, चालण्याच्या दर पाच किलोमीटरांस एक तास आणि त्याखेरीज दर सहाशे मीटर चढास आणखी एक तास धरावा. सहा किलोमीटरच्या वाटेत सहाशे मीटर चढ असेल, तर दोन तास बारा मिनिटे होतात. हा हिशेब सराईत, धडधाकट माणसाचा आहे. मुलांसमवेत विश्रांतीचा वेळ वेगळा धरावा लागतो.

नकाशाच्या मर्यादा

नकाशावरील उंचीचे आकडेही तपासून घ्यावे लागतात. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ या अमेरिकी अवकाशयानाने अकरा दिवसांत रडारच्या साह्याने पृथ्वीच्या बहुतांश भूभागाची उंची मोजली. अनेक साधनांचा आधार ही मोजणी आहे. तिच्यात जमिनीवर साधारणतः दर तीस मीटरला एक आकडा मिळतो व दाट जंगलात तो झाडांच्या शेंड्यांकडे झुकतो. त्यामुळे सह्याद्रीच्या कड्यालगतच्या सपाट वाटेवरही नकाशा एकाएकी मोठा उतार दाखवू शकतो.

उपग्रहचित्र हेही एका विशिष्ट दिवसाचे असते. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा ओढा पावसाळ्यात फरशी पुलावरून वाहतो. गळीत हंगामात पहाटेपासून उसाच्या ट्रॅक्टरांची रांग कोणत्या रस्त्याला लागते, दिवा कोठे नाही, मोकाट कुत्री कोठे असतात, हे चित्रात दिसत नाही. ते गावालाच ठाऊक असते. तसेच या नकाशांवरील रेषा हा जमिनीच्या हद्दीचा पुरावा नव्हे. त्यासाठी भूमी अभिलेख विभागाची मोजणीच ग्राह्य असते, हेही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

सायकलच्या चाकाने पडताळणी

नकाशावर वाट निश्चित झाल्यावर ती जमिनीवर मोजून घेणे हा पुढचा टप्पा होय. जगभरातील रस्त्यांवरील शर्यतींची अधिकृत मोजणी आजही प्रमाणित केलेल्या सायकलनेच होते. मार्ग आखूड राहू नये म्हणून तीत हजारात एक या प्रमाणात अधिक अंतर धरले जाते. ४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनला ही भर सुमारे ४२ मीटर होते.

हीच पद्धत गावातही अवलंबिता येते. प्रथम सरळ, सपाट रस्त्यावर पोलादी टेपने दोनशे मीटर मोजून घ्यावेत. सायकलच्या पुढच्या चाकावर खूण करून त्या अंतरात चाकाचे किती फेरे होतात ते मोजावे. समजा ९५ फेरे झाले, तर आठशे मीटरना ३८० फेरे लागतील. दोन्ही वेळी स्वार तोच असावा व टायरमधील हवाही तेवढीच असावी. वळणावर धावणारा ज्या जवळच्या रेषेने जाईल, त्याच रेषेने चाक न्यावे. नकाशा आणि चाक यांच्या आकड्यांत ठळक तफावत आढळल्यास मोजणी पुन्हा करावी.

ग्रामपंचायतीचा वाटा

आठशे मीटरची अशी एक वाट आखली, की जाऊन-येऊन १,६०० मीटर होतात. एका दिशेचा चढ दुसऱ्या दिशेस उतार होतो. केवळ उताराच्या रस्त्यावर मिळालेल्या वेळेमुळे जो फसवा दिलासा मिळतो, तो येथे मिळत नाही. आरंभ, चारशे मीटर आणि आठशे मीटर या तीन ठिकाणी रंगाने खुणा करण्यास अल्प खर्च येतो. ही मोजणी शाळेतील मुलांकडून करवून घेतल्यास भूगोल व गणित यांचा पाठही आपोआप होईल. वाट निवडताना मुलींच्या सोयीचा विचार अग्रक्रमाने व्हावा. दिवाबत्ती, वर्दळ आणि वस्तीची जवळीक यांविषयी त्यांचेच मत निर्णायक मानणे उचित ठरेल.

एक दक्षता मात्र सर्वांनी घ्यावयाची आहे. धावण्याची नोंद ठेवणारी अनेक साधने वाट व वेळ इतरांना दिसेल अशा रीतीने प्रसिद्ध करू शकतात. जानेवारी २०१८ मध्ये ‘स्ट्राव्हा’ या साधनाच्या जागतिक नकाशावरून लष्करी तळांवरील सैनिकांच्या धावण्याच्या वाटा उघड झाल्याचे निदर्शनास आले होते. एखादी मुलगी रोज कोणत्या वेळी कोठून एकटी धावते, हे अनोळखी व्यक्तीस कळण्याचे कारण नाही. म्हणून अशी नोंद खाजगी ठेवण्याची सोय प्रथम सुरू करून घ्यावी.

शहरातील उमेदवाराला आखीव धावपट्टी मिळते आणि खेड्यातील उमेदवाराला मिळत नाही, ही विषमता एका दिवसात दूर होणार नाही. तथापि, अचूक मोजलेले अंतर तरी दोघांना सारखेच मिळू शकते. एक मोबाइल, एक टेप, एक सायकल आणि गावातील चार माणसांची एक सकाळ एवढ्या सामग्रीवर हे काम होण्याजोगे आहे.