गिरणगावातील रेल्वे आणि अँग्लो-इंडियन समाज

परळ-लालबागचा इतिहास म्हणजे गिरणी कामगारांचा इतिहास, असे समीकरण आपल्या अभ्यासात रूढ झाले आहे. चाळ, खानावळ, भजनी मंडळ आणि संप यांची त्यात सविस्तर नोंद आढळते. त्याच परळमध्ये १८७९ साली जी. आय. पी. रेल्वेचा कारखाना आला. रेल्वेतील इंजिनचालक, गार्ड, फोरमन अशा जागांवर दीर्घकाळ मोठ्या संख्येने असलेला अँग्लो-इंडियन समाज मात्र या लेखनात क्वचितच भेटतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. गिरगावच्या खोताच्या वाडीतील ख्रिस्ती कुटुंबांनाही पुष्कळदा अँग्लो-इंडियन म्हटले जाते. विद्यार्थी तर उत्तरपत्रिकेत सर्रास तसे लिहितात. वस्तुतः ती वाडी ईस्ट इंडियनांची. हा समाज उत्तर कोकणातला, मराठीभाषक, पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेला. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्याने १८८७ च्या सुमारास घेतले. अँग्लो-इंडियन ही संज्ञा धर्मावर नव्हे, वंशावर आधारलेली आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३६६(२) प्रमाणे पितृवंशातील पूर्वज युरोपीय असावा लागतो, तो इंग्रजच असावा असे नाही. मातृवंशाला मात्र तेथे स्थान नाही. त्यामुळे या समाजातील स्त्रीने अन्य भारतीयाशी विवाह केल्यास तिची मुले व्याख्येबाहेर राहतात.

ईस्ट इंडियनांची वाडी टिकली, यांची वस्ती का टिकली नाही? प्रस्तुत लेखकाच्या मते याचे उत्तर नोकरीत आहे. रेल्वेचे क्वार्टर नोकरीबरोबर मिळे आणि बदली वा निवृत्तीबरोबर सुटे. मागे वास्तू उरत नसे. त्यातच अनुच्छेद ३३६ ने रेल्वे, जकात, टपाल व तार खात्यांतील राखीव जागा दर दोन वर्षांनी दहा टक्क्यांनी घटवत दहा वर्षांत, म्हणजे १९६० मध्ये, संपवल्या. स्वातंत्र्यानंतर अनेक कुटुंबे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे गेली.

उरलेल्यांची गणना हाही वादाचाच विषय आहे. डिसेंबर २०१९ मध्ये संसदेत २०११ च्या जनगणनेचा आधार देऊन देशभरातील संख्या २९६ सांगण्यात आली. समाजाच्या प्रतिनिधींनी ती अमान्य केली. जनगणनेत हा माणूस धर्माने ख्रिस्ती आणि मातृभाषेने इंग्रजीभाषक म्हणून नोंदला जातो; वंशाचा रकानाच तेथे नाही. तरीही १०४ व्या घटनादुरुस्तीनंतर जानेवारी २०२० पासून लोकसभेतील दोन नामनिर्देशित जागांची तरतूद संपली. महाराष्ट्र विधानसभेतील २८९ वी जागाही तिच्याबरोबर गेली.