जागा गावाची, कारभार ठेकेदाराचा

गोल्फच्या मैदानाशी जतकरांचा काय संबंध, असा प्रश्न विषयाचे नाव वाचून पुष्कळांच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. ज्या तालुक्याने उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली, तेथे शंभर-दीडशे एकरांवर हिरवळ जोपासून तीवर चेंडू टोलवण्याची गोष्ट म्हणजे चैनीची कमालच. परंतु आम्हांस बोलावयाचे आहे ते खेळाविषयी नव्हे. जागा सर्वांची आणि कारभार एकाचा, अशी स्थिती आली म्हणजे मालकाने, अर्थात गावाने, आपला अधिकार कसा राखावा, हा आमचा विषय आहे. बाजारवसुलीचा ठेका असो वा नगरपरिषदेचे गाळे, प्रश्न तोच.

न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात, पूर्वी कचरा टाकीत त्या जागेवर, शहराने बारा कोटी डॉलरांहून अधिक खर्चून गोल्फचे मैदान बांधले. ते चालविण्याचे काम वीस वर्षांच्या कराराने डोनाल्ड ट्रम्प यांच्या कंपनीकडे दिले. मैदान २०१५ साली खुले झाले. पहिली चार वर्षे कंपनीने शहराला शुल्क द्यावयाचे नव्हते. पैसा नागरिकांचा आणि पाटी मात्र ठेकेदाराच्या नावाची! पुढे जानेवारी २०२१ मध्ये, अमेरिकेच्या संसदभवनावरील हल्ल्यानंतर, महापौरांनी हा करार रद्द करण्याचे ठरविले. कारण असे दाखविले की, या नावामुळे मोठ्या स्पर्धा आता या मैदानाकडे फिरकणार नाहीत. न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये शहराविरुद्ध निकाल दिला. मैदान स्पर्धेच्या दर्जाचे राखावे, एवढेच करारात होते; स्पर्धा खेचून आणण्याची जबाबदारी त्यात कोठेही लिहिलेली नव्हती. अखेर २०२३ मध्ये ते मैदान दुसऱ्या कंपनीकडे गेले, पण ते त्या दोन कंपन्यांतील व्यवहाराने. शहराने काढून घेतले म्हणून नव्हे.

यात महापौर बरोबर की कंपनी, या वादात आम्ही शिरत नाही. आम्हांस दिसते ते इतकेच, की शहराची देखरेख म्हणजे कराराचा कागद. मनातली अपेक्षा कागदावर उतरली नसेल, तर न्यायाधीश तरी काय करणार? गावात गाळा भाड्याने देताना ‘स्वच्छता ठेवावी’ एवढे मोघम वाक्य घालून आपण मोकळे होतो. कोणी तपासावी, किती दिवसांनी, आणि न ठेवल्यास काय, हे कागदावर येत नाही.

आता आपल्या राज्यातले उदाहरण घेऊ. मुंबईचे महालक्ष्मी रेसकोर्स १८८३ सालचे. सुमारे २११ एकरांच्या या जागेचा काही भाग महापालिकेचा, उरलेला राज्य शासनाचा. आणि कारभार रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब या खाजगी संस्थेचा. शर्यती क्लबच्या असल्या तरी सकाळ-संध्याकाळ तेथे हजारो सामान्य माणसे फिरावयास जातात. या जागेचा भाडेपट्टा ३१ मे २०१३ रोजी संपला आणि नवा ठरावयास २०२४ उजाडले. अकरा वर्षे मुंबईच्या मध्यभागातली इतकी मोठी जागा मुदत संपलेल्या कागदावर चालली. मुदत संपण्याच्या आधीची दोन वर्षे हीच मालकाच्या खऱ्या बळाची. ती गेली की भाडे, अटी, जागेचा वापर, सगळेच वाटाघाटीत लोंबकळत राहते.

२०२४ च्या व्यवस्थेप्रमाणे सुमारे ९१ एकर क्लबकडे २०५३ पर्यंत राहिले आणि सुमारे १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे आले. उद्यान होणे ही आनंदाचीच गोष्ट आहे. तथापि हा निर्णय झाला तेव्हा महापालिकेत निवडून आलेले सभागृहच नव्हते. मार्च २०२२ पासून कारभार प्रशासकाकडे होता. आयुक्त कितीही कर्तबगार असोत, ‘हे असे का?’ म्हणून उठून विचारणारा नगरसेवक समोर नसला की देखरेखीचा अर्धा अर्थ निघून जातो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कायदा मात्र अगदीच मुका नाही. जतसारख्या गावाला १९६५ चा नगरपरिषद अधिनियम लागू. त्याच्या कलम ९२ प्रमाणे राज्य शासनाच्या मंजुरीवाचून नगरपरिषदेला आपली स्थावर मिळकत दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही. अल्प मुदतीच्या भाडेपट्ट्याला तेवढी सवलत आहे. सांगली-मिरज-कुपवाडसारख्या महापालिकांना लागू असणाऱ्या १९४९ च्या अधिनियमात कलम ७९ आहे. तेथे मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी नसावा, हा सामान्य नियम.

पण हे कलम कपाटात राहिले तर उपयोग शून्य. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ४ प्रमाणे कोणाला कोणती सवलत वा परवाना दिला, याचा तपशील कार्यालयाने मागणीची वाट न पाहता जाहीर करावयाचा असतो. तो जाहीर नसेल, तर दहा रुपये शुल्क भरून साध्या अर्जाने करारनाम्याची नक्कल मागता येते, कागदपत्रे स्वतः पाहताही येतात. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. नक्कल हाती आली म्हणजे प्रथम मुदत कोणत्या तारखेला संपते ते पाहावे, मग भाडे केव्हा व किती वाढते, आणि शेवटी अट मोडल्यास गावाने काय करावयाचे, हे शोधावे. शेवटचे कलम बहुधा सर्वांत आखूड आढळेल.