मोटारबोटीचें अंग : लाकूड आणि कांचतंतू

१९६० सालीं अमेरिकेंतील मायामी शहराहून बहामा बेटांतील नासाऊ बंदरापर्यंत मोटारबोटींची शर्यत झाली. समुद्र खवळलेला होता. लाटांवर आपटून इतर नौका मागें पडल्या; परंतु रिचर्ड बर्ट्रम यांची 'मॉपी' नांवाची सुमारें ३० फुटी नौका आठ तासांत पोंचली आणि दुसरी नौका येण्यास आणखी दोन तास लागले. रेमंड हंट या नौकाशिल्पज्ञानें तिचा तळ पुढून अगदीं मागपर्यंत इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा खोल ठेविला होता. तो लाटेवर आपटत नसे. लाट चिरीत जाई.

ही विजयी नौका लाकडाची होती. पण तिच्या यशाचा लाभ लाकडास मिळाला नाहीं. शर्यतीनंतर तिच्याच अंगावरून सांचा काढण्यांत आला आणि १९६१ सालीं त्या सांच्यांतून 'बर्ट्रम ३१' ही फायबरग्लासची नौका बाजारांत आली. पेणच्या कारखान्यांत एका मूळ मूर्तीवरून सांचा करून शेंकडों गणपति काढतात, तसाच हा प्रकार. मूळ मूर्ति मात्र कारागिराच्या हातचीच असावी लागते, हें येथेंहि खरें ठरलें.

लाकडी नौका म्हणजे शेंकडों तुकड्यांचा संसार. तळाशीं लांब पठाण, त्यावर दोहों बाजूंस वांकविलेल्या बरगड्या, बरगड्यांवर फळ्या, आणि फळ्यांच्या फटींत ठासलेला कापूस. कोरडी नौका पाण्यांत लोटली म्हणजे आरंभीं झिरपते. मग फळ्या फुगतात आणि सांधे आपोआप मिटतात. संथ चालणाऱ्या होडीस एवढें पुरे. परंतु मोटारबोट वेगानें पाण्यावर आदळत जाते. प्रत्येक धक्क्यासरशीं स्क्रू व खिळे थोडेथोडे सैल होतात. त्यांत दरसाल रंग, व्हार्निश आणि समुद्रांतील लाकूड पोखरणारे किडे ! मिशिगनमधील क्रिस-क्राफ्ट कंपनीच्या मॅहॉगनीच्या नौका दिवाणखान्यांतील सामानाप्रमाणें चकाकत. पण ती चकाकी टिकविण्यास मालकाचे कित्येक रविवार खर्ची पडत.

म्हणून लाकूडच नाशिवंत, असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. मुंबईच्या गोदींत १८१७ सालीं सागवानाचें बांधलेलें 'ट्रिंकोमाली' हें लढाऊ जहाज इंग्लंडांतील हार्टलपूल येथें आजहि पाहावयास मिळतें. लाकडाची जात, त्याची निगा आणि हवा खेळण्यास जागा, या तीन गोष्टींवर त्याचें आयुष्य अवलंबून असतें.

आतां कांचेकडे वळूं. खिडकीची कांच खड्यानें फुटते. मग कांचेची नौका कशी टिकावी? कांच फुटते ती बहुधा तिच्या पृष्ठावरील सूक्ष्म चिरांपासून. केंसाहून बारीक ओढलेल्या तंतूंत अशा चिरा फार थोड्या असतात. त्यामुळें तो ताण सहन करण्यांत विलक्षण बळकट असतो. एकट्या तंतूस आकार नाहीं आणि एकटी राळ ठिसूळ. पण दोन्ही एकत्र आल्यावर राळ तंतूंना जागच्या जागीं धरते व एकाचा भार दुसऱ्यावर वांटून देते. मातींत भूस कालवून भिंत लिंपणाऱ्या गृहिणीस हें तत्त्व नवें वाटावयास नको. टोलेडो येथील रे ग्रीन यानें १९४२ सालीं पॉलिएस्टर राळ व कांचतंतू यांची एक छोटी होडी करून पाहिली. १९६० सालीं समुद्रापासून दूर असलेल्या हाय पॉइंट या, मेजखुर्च्यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या गांवीं 'हॅटेरस'ची ४१ फुटी नौका तयार झाली. एवढें मोठें अंग एकाच कवचाचें होऊं शकतें, याची तेव्हां खात्री पटली.

कृति सोपी आहे. सांच्यास आंतून मेण लावावें, त्यावर रंगीत राळेचा थर द्यावा, मग कांचतंतूंच्या चटया व विणलेलें कापड राळेंत भिजवून थरावर थर बसवावे आणि रुळानें हवेचे बुडबुडे काढून टाकावे. राळ घट्ट झाल्यावर नौका सांच्याबाहेर काढावी. सांधा नाहीं, कापूस नाहीं, किड्यास खाद्य नाहीं. १९७० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत क्रिस-क्राफ्टनेंहि लाकडी नौका बंद केल्या.

येथवर ऐकून फायबरग्लासच्या नौकेंत लाकूड नसतेंच, अशी कोणाची समजूत झाल्यास नवल नाहीं. बहुतेक ग्राहकांची हीच चूक होते. फायबरग्लास बळकट खरा, पण वजनाच्या मानानें लाकडाइतका ताठ नाहीं. पातळ पत्रा लाटेखालीं लवतो. म्हणून तळाशीं उभ्या तुळया द्याव्या लागतात, आणि जेथें यंत्र टांगावयाचें त्या मागच्या भिंतीस जाडी द्यावी लागते. अनेक वर्षे या तुळया लाकडाच्या व ती भिंत प्लायवुडची करून वरून कांचतंतूंचें वेष्टन घालण्याची रीत होती. तक्तपोशींत कित्येकदां बाल्साचे ठोकळे घालीत. सबंध वेष्टन अभंग राहील तोंवर सारें ठीक. परंतु पुढें मालक दिवा बसवितो, शिडी बसवितो, आणि प्रत्येक स्क्रूसाठीं एक भोंक पाडतो. त्या भोंकांतून पाणी आंत शिरतें. बाहेर पडावयास वाट नाहीं, वाळावयास वारा नाहीं. पावसाचें गोडें पाणी तर समुद्राच्या खाऱ्या पाण्याहूनहि वाईट, कारण बुरशीस तें अधिक मानवतें. बाहेरून नौका लखलखीत दिसते आणि आंत लाकडाचा भुगा झालेला असतो. लाकडी नौकेची कुजलेली फळी निदान डोळ्यांस दिसते आणि सुतार ती बदलतो. येथें मात्र भर समुद्रांत, पूर्ण वेगांत असतां, मागची भिंत यंत्रासकट हलूं लागेपर्यंत मालकास पत्ता नसतो.

यावरून धडा घेऊन पुष्कळ कारखान्यांनीं लाकडाच्या जागीं कृत्रिम फेंस किंवा निव्वळ कांचतंतूंच्या तुळया घातल्या. उलट मिशिगनमधील गूजन बंधूंनीं लाकूड न टाकतां त्याच्या सर्व बाजू इपॉक्सी राळेनें बंद करण्याची पद्धति रूढ केली. अशा नौका हलक्या व ताठ होतात.

जुनी नौका घेतांना जाणता तपासनीस प्रथम रंगाकडे पाहत नाहीं. बाजारांत मडकें घेणाऱ्या बाईप्रमाणें तो लहान हातोडीनें अंगावर ठिकठिकाणीं ठोकून पाहतो. खणखणीत नाद आला तर पुढें सरकतो. बद्द आला तर तेथें खडूनें खूण करतो आणि जवळपास स्क्रू कोठें आहे तें शोधतो. नवें भोंक पाडावयाचें झालें तर तो तें आधीं मोठें पाडावयास सांगतो. मग त्यांत इपॉक्सी भरून, ती घट्ट झाल्यावर, तिच्या मधोमध स्क्रूचें लहान भोंक घ्यावयाचें, म्हणजे स्क्रू सैल झाला तरी पाण्यास लाकूड सांपडत नाहीं.