गादीला पडलेलं भोक

मणक्यातली गादी सरकते, नस दबते आणि कमरेपासून पावलापर्यंत कळ जाऊ लागते. गोळ्या, व्यायाम करूनही भागलं नाही, की शस्त्रक्रिया. सर्जन गादीचा बाहेर आलेला तुकडा काढतात आणि पायातली कळ बहुतेकांची थांबते. या दुखण्याचं मूळ गादीत आहे, हे अमेरिकेतल्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ साली मांडलं. तेव्हापासून नस मोकळी करण्याची कला खूप सुधारली. गादी मात्र फाटकीच राहते.

गादीचं बाहेरचं कडं कोलॅजेनच्या थरांचं असतं, आत पाण्याने भरलेला मऊ गर. जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या गादीत सेन्सर घालून १९९९ साली आतला दाब नोंदवला: नुसतं उभं राहिल्यावर ०.५ मेगापास्कल, पाठीतून वाकून २० किलो उचलल्यावर २.३. मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या जवळपास दहापट! हा दाब भोक पडलेल्या कड्याने सोसायचा. त्यात गादीला रक्तपुरवठा जवळजवळ नाहीच, म्हणून जखम नीट भरत नाही. काहींचा गर पुन्हा बाहेर येतो, काहींची गादी हळूहळू चपटी होते.

हे भोक शस्त्रक्रियेच्या टेबलावरच बुजवायचा प्रयत्न न्यूयॉर्कमध्ये कॉर्नेल विद्यापीठाचे लॉरेन्स बोनासार आणि सर्जन रॉजर हार्टल करत आहेत. आत हायलुरोनिक अॅसिडचं जेल सोडायचं. मग भोकावर रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, मिसळलेलं दाट कोलॅजेन भरून त्यावर प्रकाश टाकायचा. काही मिनिटांत ते घट्ट होतं आणि कड्यातल्या पेशींना वाढायला आधार मिळतो. मेंढ्यांवरच्या प्रयोगाचे सहा आठवड्यांचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. नुसता गर भरण्यापेक्षा गर आणि कडं दोन्ही सांधल्यावर गादी अधिक चांगली टिकली. मला यातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

जपानमध्ये होक्काइडो विद्यापीठातले हिदेकी सुदो वेगळ्या वाटेने गेले. समुद्री शेवाळातून काढलेलं अतिशुद्ध अल्जिनेट पोकळीत भरायचं आणि कॅल्शियमच्या द्रावणाने गोठवायचं. ससे आणि मेंढ्यांनंतर या जेलच्या चाचण्या माणसांवरही झाल्या आहेत.

गादी म्हातारपणापर्यंत वजन पेलते, सहा आठवडे नव्हे. त्यामुळे जेलचं इंजेक्शन सुचवलं गेलं, तर ते कोणतं, माणसांवर किती वर्षं तपासलंय आणि दुसऱ्यांदा गादी सरकण्याचं प्रमाण त्याने घटलं का, हे रुग्णाने डॉक्टरांना स्पष्ट विचारावं.