आठ दिवस म्हणजे सात! 'इतक्या आठवड्यांपूर्वी'ची तारीख अशी काढा

मंगळवेढा : पेरणी कधी केली असं विचारलं की शेतकरी पटकन सांगतो, "नऊ आठवडे झाले, सोमवार होता." वार पक्का आठवतो, तारीख आठवत नाही. पण ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये लागवडीची तारीख भरावी लागते, पीक विम्याच्या अर्जातही पेरणीची तारीख लागते. दवाखान्यात आशाताई पाळीची तारीख विचारतात. तिथं अंदाजानं तारीख टाकली की पुढं अडचण येते. दोन ठिकाणी दोन तारखा पडल्या तर खुलासा आपल्यालाच करावा लागतो. खरं तर आठवडे आणि वार माहीत असेल तर तारीख कागदावर दोन मिनिटांत निघते.

आधी बोलण्यातला घोळ

आपण "आठ दिवसांनी या" म्हणतो तेव्हा सोमवारी बोललेला माणूस पुढच्या सोमवारीच येतो. दोन्ही सोमवार धरले तर आठ होतात, पण मध्ये गेलेले दिवस सातच. 'आठवडा' या शब्दातच आठ आहे, तरी तो सात दिवसांचा. तसंच "पंधरा दिवस झाले" म्हणजे दोन आठवडे, हिशोबानं चौदा दिवस. तीन आठवडे म्हणजे एकवीस, चोवीस नाही. तारीख काढताना नेहमी सातनं गुणायचं आणि आजचा दिवस मोजायचा नाही.

दुसरी चूक याहून मोठी. चार आठवडे म्हणजे महिना असं धरून चालतं. चार आठवड्यांचे 28 दिवस होतात, महिना मात्र 30 किंवा 31 दिवसांचा. जितके महिने मागं जाल तितका फरक साठत जातो.

चार-चार आठवड्यांच्या उड्या

सोपी रीत अशी. चार आठवडे मागं जायचं असेल तर मागच्या महिन्यात जा आणि तारीख थोडी वाढवा. किती वाढवायची ते मागच्या महिन्यावर ठरतं :

- मागचा महिना 31 दिवसांचा असेल तर 3 वाढवा.
- 30 दिवसांचा असेल तर 2 वाढवा.
- फेब्रुवारी असेल तर तारीख तीच राहते. लीप वर्षात 1 वाढवा.

आजची तारीख 29, 30 किंवा 31 असेल तर चार आठवड्यांपूर्वी त्याच महिन्याची 1, 2 किंवा 3 तारीख येते. कोणता महिना 30 चा आणि कोणता 31 चा हे मुठीच्या उंचवट्यांवर मोजता येतं. उरलेल्या प्रत्येक आठवड्याचे सात दिवस वजा करा. वार शेवटपर्यंत बदलत नाही. उत्तरात वार बदललेला दिसला की कुठंतरी चुकलं समजायचं.

ज्वारीचं उदाहरण

समजा 15 डिसेंबर 2025, सोमवार आहे आणि ज्वारी पेरून बरोबर नऊ आठवडे झालेत. पहिली उडी नोव्हेंबरात. तो 30 दिवसांचा, म्हणून 15 मध्ये 2 मिळवून 17 नोव्हेंबर. दुसरी उडी ऑक्टोबरात. तो 31 दिवसांचा, म्हणून 20 ऑक्टोबर. आठ आठवडे झाले, एक राहिला. 20 मधून 7 गेले, 13 ऑक्टोबर. कॅलेंडर उघडून बघा, तोही सोमवारच आहे.

याचा उपयोग फक्त अर्जापुरता नाही. पाणी असेल तर रब्बी ज्वारीला चार पाळ्या सांगतात : 28 ते 30, 50 ते 55, 70 ते 75 आणि 90 ते 95 दिवसांनी. नऊ आठवडे म्हणजे 63 दिवस. म्हणजे फुलोऱ्याचं पाणी आठवड्यावर आलं. मालदांडी कोरडवाहू असली तरी हाताशी एखादं पाणी असेल तर ते कोणत्या दिवशी द्यायचं हे पेरणीच्या तारखेवरूनच कळतं.

बाळंतपणाची तारीख

इथं चूक महागात पडते. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि त्या दिवसापासून 40 आठवड्यांनी, म्हणजे 280 दिवसांनी, बाळंतपणाची अंदाजे तारीख येते.

समजा 2 जानेवारी 2026 च्या सोनोग्राफीत 20 आठवडे 3 दिवस आले. चार आठवड्यांच्या पाच उड्या मारा : 5 डिसेंबर, 7 नोव्हेंबर, 10 ऑक्टोबर, 12 सप्टेंबर, 15 ऑगस्ट. वरचे 3 दिवस वजा केले की 12 ऑगस्ट 2025. त्यावरून बाळंतपणाची तारीख 19 मे 2026 येते.

आता कुणी 20 आठवडे म्हणजे पाच महिने धरले तर 30 जुलै येते. तेरा दिवसांची चूक! मग 6 मे उलटली की घरात विनाकारण घाबरगुंडी उडते. पाळीची तारीख आणि सोनोग्राफीचे आठवडे जुळत नसतील तर कोणती तारीख धरायची हे डॉक्टरांनाच विचारावं. घरी काढलेली तारीख समजून घेण्यापुरतीच.

गोठ्यात आणि जन्मनोंदीला

गाय साधारण 21 दिवसांनी माजावर येते, म्हणजे तीन आठवड्यांनी. पहिलं रेतन फसलं आणि दुसरं केलं असं वाटत असेल तर व्याल्यावर 40 आठवडे मागं मोजा. तारीख कोणत्या रेतनाच्या जवळ येते त्यावरून कोणतं लागू पडलं त्याचा अंदाज येतो. म्हशीला मात्र साधारण 310 दिवस, म्हणजे 44 आठवड्यांच्या वर लागतात.

बाळाच्या जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. 15 डिसेंबरला तीन आठवडे मागं गेलं की 24 नोव्हेंबर येते. त्याआधी जन्मलेल्या बाळाची नोंद राहिली असेल तर ती उशिराची धरली जाते. 30 दिवसांच्या पुढं गेलं तर कागदपत्रांचा व्याप वाढतो. म्हणून शेवटच्या दिवसाची वाट बघू नये.

आणि एक सवय

मोबाईलमधल्या कॅलेंडरवर एक-एक ओळ वर मोजत गेलं तरी हेच उत्तर येतं. ते पडताळणीला वापरावं. सगळ्यात सोपं म्हणजे पेरणी, पाळी, रेतन झालं त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनानं खूण करावी. मग मागं मोजायची वेळच येत नाही.