वीस मीटरवरचा वाघ आणि सहाशेची लेन्स

व्याघ्रप्रकल्पांतल्या पर्यटनासाठी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने २०१२ मध्ये निकष घालून दिले. वाघ दिसला की गाडी त्याच्यापासून किमान २० मीटर लांब ठेवावी, असं त्यात म्हटलं आहे. वन्यजीवांसाठी टेलिफोटो झूम लेन्स घ्यायची तर हिशेब याच आकड्यापासून सुरू करावा, असं माझं मत आहे.

हिशेब शाळेतला आहे. फुलफ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. प्राण्याच्या अंतराला ३६ने गुणायचं आणि लेन्सच्या मिलिमीटरने भागायचं. त्या अंतरावर किती रुंदी चौकटीत मावेल ते कळतं. २० मीटरवर ६०० मिलिमीटरला १.२ मीटर मावतं. पूर्ण वाढलेला नर वाघ नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पावणेतीन-तीन मीटर भरतो. म्हणजे रस्ता आडवा ओलांडणारा वाघ ६००वर अर्धासुद्धा बसत नाही. क्रॉप सेन्सरचा कॅमेरा असेल तर जेमतेम ८० सेंटिमीटर मिळतात, नुसतं डोकं आणि खांदा. तोच वाघ २००वर घेतला तर ३.६ मीटरची चौकट मिळते. अख्खा वाघ, पुढे चालायला मोकळी जागा आणि मागच्या बांबूचा थोडा अंदाज, एवढं सगळं त्यात येतं.

तरी दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘सहाशेपर्यंत जाते ना?’ लेन्सच्या अंगावर दोन आकडे छापलेले असतात आणि गिऱ्हाईक फक्त दुसरा वाचतं. ताडोबासारख्या जंगलात, जिथे रस्ता हीच वाघाचीही वाट असते, पहिला आकडा जास्त कामाचा. चितळाचा कॉल ऐकून गाइड गाडी थांबवतो, सगळ्यांच्या नजरा लांबच्या वळणावर असतात आणि वाघीण भलतीकडून, अगदी जवळच्या झुडपातून बाहेर येते. गाडी तेव्हा मागे घेता येत नाही, कारण मागे आणखी चार जिप्सी उभ्या असतात. अशा वेळी १०० किंवा १५०पासून सुरू होणारी झूम फोटो देते. नुसती ६००ची प्राइम लेन्स डोळे आणि मिशा देते. डोळे आणि मिशांचे उत्तम फोटो पुष्कळ झाले आहेत. वाघ ज्या रानात राहतो ते रान दाखवणारे फोटो अजून कमीच आहेत.

पक्ष्यांचं गणित मात्र उलटं. छोटा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत १६-१७ सेंटिमीटरचा. तो १० मीटरवर बसला असेल तर ६००वरही चौकटीची जेमतेम पाव रुंदी व्यापतो. इथे दुसरा आकडा खरोखर लागतो आणि क्रॉप सेन्सरचा फायदाही होतो. भिगवणला उजनीच्या पाणफुगवट्यात होडीतून रोहित टिपायचे असतील तर ४०० ते ६०० सतत वापरात राहते. एकाच पक्ष्याची मान हवी असते, आणि पुढच्याच क्षणी अख्खा थवा उडतो. तेव्हा २००वर येता आलं पाहिजे.

ही सोय आज गृहीत धरली जाते, पण ती फार जुनी नाही. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२०च्या दशकात उत्तर भारतातल्या जंगलात वाघांचे फोटो मिळवले ते वाटेवर तार लावून. वाघाचा पाय तारेला लागला की फ्लॅश उडे आणि कॅमेरा चाले. एसएलआर कॅमेऱ्यासाठी झूम लेन्स आली १९५९मध्ये, फोइग्टलेंडरची ३६-८२ मिलिमीटरची झूमार. त्याच वर्षी निकॉनने ८५-२५०ची टेलिफोटो झूम काढली. हाताचा कंप शोषून घेणारी यंत्रणा एसएलआरच्या लेन्समध्ये पहिल्यांदा कॅननने १९९५मध्ये ७५-३००मध्ये बसवली. सामान्य हौशी माणसाच्या हातात ६०० मिलिमीटर खऱ्या अर्थाने आले ते टॅमरॉनची १५०-६०० २०१३च्या अखेरीस जाहीर झाल्यावर. पुढच्या वर्षी सिग्माने त्याच टप्प्याच्या लेन्स आणल्या, २०१५मध्ये निकॉनची २००-५०० आली, २०१९मध्ये सोनीची २००-६००. आज ताडोबाच्या मोहर्ली गेटवर पहाटे रांगेत उभ्या जिप्सींमध्ये याच जातीच्या लेन्स दिसतात.

या लेन्स परवडतात, कारण प्रकाशाच्या बाबतीत त्यांनी तडजोड केलेली असते. ६०० मिलिमीटरवर त्यांचं अॅपर्चर एफ ६.३ असतं. ६००ला ६.३ने भागलं की ९५ येतात, आणि यांपैकी बहुतेक लेन्सच्या तोंडाचा फिल्टर बरोबर ९५ मिलिमीटरचा असतो. तेच ६०० मिलिमीटर एफ ४वर हवे असतील तर १५० मिलिमीटर व्यासाची काच लागते. वजन तीन किलोंच्या आसपास जातं, किंमत कित्येक लाखांत. त्या बदल्यात प्रकाश अडीचपट मिळतो.

हा अडीचपट फरक उघड्या माळावर कळतच नाही. नान्नजच्या गवताळ पट्ट्यात किंवा रेहेकुरीत सकाळी आठला काळवीट टिपताना एफ ६.३ पुरून उरतं. भीमाशंकरला मात्र शेकरू टिपायला जा. वर पानांचं छत, खाली दमट अंधार, आणि शेकरू एका फांदीवरून दुसरीवर झेप घेतंय. शटर १/५००च्या खाली आणलं तर शेपटी पुसट होते आणि तेवढं ठेवलं तर आयएसओ चार-पाच हजारांवर चढतो. शेकरूच्या पाठीचा तांबूस-तपकिरी रंग मग दाणेदार होऊन मळकट दिसतो. आधुनिक सॉफ्टवेअर दाणे काढतं, पण केसांचा पोतही थोडा खातं. सह्याद्रीतल्या सदाहरित रानात ज्याला जास्त काम करायचं आहे त्याने ६०० विसरून ७०-२०० किंवा १००-३०० एफ २.८चा, नाहीतर १००-४००चा विचार करावा आणि शेकरू खालच्या फांदीवर येईपर्यंत थांबावं. ते येतं.

कंपरोधक यंत्रणेबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे. ही यंत्रणा हाताचा कंप थांबवते, प्राण्याची हालचाल थांबवत नाही. उडणाऱ्या पक्ष्याला १/२००० लागतं ते लागतंच. मात्र चरणाऱ्या गव्याला १/२५० पुरतं आणि तिथे ती खरी उपयोगी पडते.

जिप्सीत ट्रायपॉड उघडता येत नाही. तिथे राज्य बीन बॅगचं. पिशवी रिकामी न्यायची, मुक्कामी पोचल्यावर किलो-दोन किलो तांदूळ किंवा मूग घेऊन भरायची आणि गाडीच्या दांडीवर टाकायची. ती काठोकाठ भरू नये. दाणे हलले पाहिजेत, म्हणजे लेन्स टेकवली की तिच्या आकाराचा खळगा पडतो. डावा तळहात लेन्सवर वरून ठेवून हलकेच दाबायचा. हे सगळं करूनही गाडीचं इंजिन चालू असेल तर दांडीतून थरथर चढते, म्हणून चालकदादांना आधीच सांगून ठेवावं, ‘थांबलो की बंद करा.’ शेजारी बसलेल्यांनीही त्या वेळी हलू नये, हे त्यांनाही आधीच सांगावं.

लेन्सच्या बाजूला एक बटण असतं ज्याकडे बहुतेकांचं लक्ष नसतं: फोकसची मर्यादा. ते ‘पूर्ण’वर असलं आणि वाघ बांबूच्या आड असला की फोकस समोरच्या काडीवर अडकतो, मग जवळून लांब आणि लांबून जवळ असा भटकत राहतो. तेवढ्यात वाघ गेलेला असतो. प्राणी लांब असेल तर मर्यादा लावून ठेवावी आणि फोकसचा एकच बिंदू निवडून तो डोळ्यावर धरावा.

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५च्या पुढे जातो. पाणवठे आटलेले असतात, प्राणी उरलेल्या पाण्यावर येतात, सायटिंग भरपूर होतं, म्हणून गर्दीही तेव्हाच. पण सकाळी नऊनंतर जमिनीवरची तापलेली हवा लहरू लागते आणि दीडशे मीटरवरचा वाघ लहरींतूनच दिसतो. ही धूसरता कुठल्याही लेन्सने जात नाही. उलट ६००ने ती मोठी होऊन दिसते. लेन्स खराब निघाली म्हणून सर्व्हिस सेंटरला पाठवणाऱ्यांपैकी काहींना खरं तर उन्हाळ्याने फसवलेलं असतं. अशा वेळी झूम मागे घ्यावी, पाणवठा, काठचं झाड आणि त्यात लहानसा वाघ असा फोटो करावा.

धुळीचंही पाहायला हवं. सिग्मा, टॅमरॉन आणि निकॉनची २००-५०० झूम करताना लांब होतात; नळी बाहेर-आत होताना हवा खेचली जाते आणि तिच्याबरोबर रस्त्यावरची बारीक माती. सोनीची २००-६०० आणि निकॉनची २०२३मध्ये आलेली १८०-६०० लांबी न बदलता आतल्या आत झूम करतात. निकॉनच्या त्या लेन्सची कडी तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७० अंशच फिरते, पकड न सोडता ६००वरून १८०वर येता येतं. वाघ अंगावर चालत येत असताना याची किंमत कळते. वजन मात्र दोन किलोंच्या पुढेमागे. तेवढं हातात धरून ज्यांना त्रास होतो त्यांच्यासाठी कॅननची दीड किलोची १००-५०० हा चांगला मार्ग आहे, तिचं टोक एफ ७.१ असलं तरी.

घेण्याआधी भाड्याने आणून पाहावी. पुण्या-मुंबईत लेन्स भाड्याने मिळतात. घरासमोरच्या विटांच्या भिंतीचा सगळ्यात लांब टोकावर, पूर्ण उघड्या अॅपर्चरवर फोटो काढावा आणि चारही कोपरे ताडून बघावेत. एक कोपरा इतरांपेक्षा मऊ दिसला तर आतली काच तिरकी बसली आहे, तो नग परत करावा. जुनी लेन्स घेत असाल तर दोन्ही झाकणं काढून मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं पाहा. कोकणात, मुंबईत पावसाळे काढलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसतात. ती बुरशी काचेवरचा लेप खाते, आणि साफ केली तरी लेप परत येत नाही. कितीही स्वस्तात मिळाली तरी अशी लेन्स घेऊ नका. स्वतःची लेन्स पावसाळ्यात कापडी बॅगेत न ठेवता हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवावी आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरावी, अंगणातले चिमणी-बुलबुल टिपण्यापुरती का होईना.